खुर्ची, खिडकी आणि विद्यार्थ्याचे भवितव्य

विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा, कोणता सोडावा, राहिलेले पेपर केव्हा काढावेत, आणि बारावीपर्यंत विज्ञानाशी इमानाने संसार करून पस्तावलेल्या जिवाने आता कलाशाखेच्या उंबऱ्यावर उभे राहावे किंवा कसे, या प्रश्नांची उत्तरे विद्वानांच्या मस्तकातून निघतात असा आपल्या समाजाचा एक जुना आणि आदरणीय समज आहे. ज्याने महाविद्यालयांच्या इमारतींतून थोडीबहुत उठबस केली आहे त्याला हा समज फार काळ जतन करता येत नाही. ही उत्तरे मस्तकातून क्वचित आणि लाकूडसामानातून बहुधा निघतात, असे माझे नम्र पण आता जवळजवळ कायम झालेले मत आहे. टेबलाची रुंदी, खिडकीची उंची, पंख्याची घरघर, आणि अभ्यागतासाठी ठेवलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याने दिलेले ठाण, या गोष्टी एकदा नीट पाहून घेतल्या, की त्या खोलीत शिरणाऱ्या मुलाला काय सांगितले जाणार हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ओळखता येते. जो प्राध्यापक व्हरांड्यात भेटला असता खांद्यावर हात ठेवून "अरे, गणित नको वाटतंय तर सोड की" म्हणतो, तोच टेबलामागे बसला की "तशी तरतूद आहे का ते पाहावं लागेल" म्हणतो. आणि दोन्ही वेळा तो अगदी मनापासून बोलत असतो, ही यातली खरी मौज आहे.

या प्रकाराचा दोष आजच्या पिढीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण त्याचे मूळ फार वर गेलेले आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर; म्हणजे शिकवावे महाविद्यालयांनी, आणि परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात विद्यापीठाने, अशी वाटणी प्रारंभीच मुकरर झालेली होती. स्वतः शिकविण्याची उपाधी या विद्यापीठाने विसाव्या शतकापर्यंत लावून घेतली नाही. पॅट्रिक गेडिस यांनी उभा केलेला समाजशास्त्राचा विभाग १९१९ सालचा आहे. याचा अर्थ असा, की सुमारे साठ वर्षे हे विद्यापीठ वर्गावाचून सुखाने चालले, पण कचेरीवाचून ते एक दिवस तरी चालले असेल असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. या व्यवस्थेतूनच १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे निघाली, हे खरे. परंतु त्यांना विषयनिवडीचा सल्ला कोणत्या खिडकीवर मिळाला याचा उल्लेख माझ्या वाचनात नाही, आणि तो मिळाला नसावा हेच त्यांच्या कर्तृत्वाचे एक कारण असण्याचा संभव आहे. पुढे १८७८ साली विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर पुरा झाला. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या थोर वास्तुविशारदाने विलायतेत बसून तयार केला. मुंबई त्याने जन्मात पाहिली नाही. जागा न पाहता, अर्जदाराचे तोंड न पाहता, केवळ आलेल्या कागदावरून निर्णय देण्याची जी परंपरा आपल्या शिक्षणव्यवहारात पुढे रुजली, तिचे इतके उंच आणि (हे कबूल केले पाहिजे) इतके देखणे स्मारक दुसरे नसेल.

आता खिडकीकडे वळू. महाविद्यालयीन कार्यालयाची खिडकी ही आतल्या बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या पातळीवर ठेवलेली असते, आणि बाहेरचा मनुष्य मात्र उभा असतो. या एका भूमितीने शिक्षणक्षेत्रात जेवढा विनय निर्माण केला आहे तेवढा मूल्यशिक्षणाच्या तासांनी केलेला नाही. कमरेत वाकून विचारलेला कोणताही प्रश्न आपोआप विनंती होतो, आणि विनंतीला उत्तर द्यावयाचे नसते, ती मान्य अथवा अमान्य करावयाची असते. शिवाय काचेला जे अर्धचंद्राकृती भोक पाडलेले असते ते कागद सरकविण्यापुरते असल्याने, बोलताना तोंड त्या भोकाशी न्यावे लागते. तोंड भोकाशी नेले की आतल्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा पाहू गेल्यास आवाज काचेवर आपटून परत येतो. पाठीमागे रांग असते. रांगेतल्या प्रत्येकाला पुढच्याचे काम क्षुल्लक आणि स्वतःचे तातडीचे वाटत असल्यामुळे मधूनमधून "आवर की लवकर" असा उत्तेजनपर घोष होत असतो.

अशा ठिकाणी मोठा प्रश्न उभा राहू शकत नाही. त्याला लहान होऊनच आत जावे लागते. एखादा मुलगा घरून निघताना असा प्रश्न घेऊन निघतो, की वडिलांचे काम सुटले आहे, आपल्याला एका दुकानात दिवसभराची नोकरी मिळते आहे, तर दुसरे वर्ष यंदा पुरे करावे, की एक वर्ष थांबावे, की बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसावे. फाटकाशी येईपर्यंत प्रश्न शाबूत असतो. रांगेत अर्धा तास उभे राहिल्यावर त्यातले वडील गळतात. खिडकी चार माणसांवर आली की नोकरी गळते. आणि प्रत्यक्ष भोकाशी तोंड नेल्यावर त्या प्रश्नाचे जे काही उरलेले असते ते असे बाहेर पडते:

"सर, फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?"

"बोर्डावर लावलीय. वाचता येतं ना? पुढचा."

या उत्तरात असत्य असे काहीच नाही. तारीख बोर्डावर खरोखरच लावलेली असते, आणि मुलाला वाचता येत असते. विचारलेल्या प्रश्नाचे संपूर्ण, अचूक आणि विनाविलंब उत्तर देण्यात आलेले आहे, असा शेरा कोणताही निःपक्षपाती चौकशी अधिकारी या प्रसंगावर मारील.

खिडकीच्या आत बसलेल्या गृहस्थाला यात खलपुरुष ठरविण्याची लेखकांची एक वहिवाट आहे. ती मला मान्य नाही. त्याच्या टेबलावर एका बाजूला प्रवेशाचे अर्ज, दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्तीचे, मध्ये विद्यापीठाच्या पात्रतेची प्रकरणे, खाली परीक्षा अर्जांचे गठ्ठे, आणि या सर्वांवर दुपारी बारनिशीतून आलेले 'तात्काळ' असे लाल अक्षरांत लिहिलेले पत्र असते. शेजारची दोन टेबले निवृत्त झालेल्यांची असून त्यांच्या जागा भरण्याबाबतचा प्रस्ताव मान्यतेसाठी कोठे तरी पडून असतो, तोवर त्या टेबलांचे काम यानेच पाहावयाचे असते. आणि तरीही एटीकेटीचे नियम, जुन्या अभ्यासक्रमातला कोणता पेपर नव्यातल्या कोणत्या पेपराशी समतुल्य, गॅप घेतल्यास काय जोडावे, स्थलांतर प्रमाणपत्राविना अर्ज कोठवर पोचतो आणि कोठे अडतो, याचे ज्ञान त्या इमारतीत याच्याइतके दुसऱ्या कोणालाही नसते. प्राचार्यांनाही नसते, म्हणून तर प्राचार्य दिवसातून अनेकदा "जरा त्यांना विचारून घ्या" असे म्हणतात. हाच मनुष्य संध्याकाळी बसथांब्यावर त्याच मुलाला भेटला, तर अर्जाचा मसुदा तोंडी सांगून वर "आधी वडिलांना विचार, आणि फी हप्त्यानं भरायचा अर्ज टाक, होतं काहीतरी" असेही सांगतो. काच मध्ये नसली की त्याला सर्व आठवते.

खिडकीवर काम न झालेला विद्यार्थी 'विभागात' जातो. विभाग म्हणजे एक खोली, तीत एक लांब टेबल, आणि टेबलाभोवती तीन-चार विषयांचे प्राध्यापक. भिंतीला कपाटे लागलेली असतात. त्यांत पुस्तके असतात असे नाही, अंतर्गत मूल्यमापनाचे कागद ठरावीक वर्षे जतन करावे लागतात ते असतात. येथे बसावयास सांगतात, एवढा फरक आहे. परंतु बसल्यावर मुलाच्या ध्यानात येते की आपण जे एका कानासाठी आणले होते ते आता सात-आठ कानांत पडणार आहे. आपल्याकडे खाजगी बोलण्यासाठी भिंत बांधण्याची चाल नाही. आवाज खाली करण्याची आहे. मुलगी आवाज खाली करून सांगते की अर्थशास्त्र जड जाते, मानसशास्त्र घ्यावे म्हणते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक पलीकडच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत असतात आणि वर्तमानपत्राची घडी अकस्मात मोडते.

या ठिकाणी वाचकाला एक अंदरकी बात सांगणे भाग आहे. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावे असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. मुले असतील तर तुकडी, तुकडी असेल तर तास, तास भरले तर कार्यभार आणि कार्यभार असेल तर पद, अशी ही उतरंड आहे. त्यामुळे मानसशास्त्राकडे निघालेली मुलगी ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने केवळ एक विद्यार्थिनी नसते, ती कार्यभाराचा एक अंश असते. ज्या टेबलाशी तिला सल्ला मिळावयाचा, त्याच टेबलाभोवती तिच्या निर्णयाने ज्यांचे काही बरेवाईट होणार असे सर्व पक्षकार आसनस्थ आहेत; न्यायालयात अशी बैठक झाली असती तर तो निकाल वरच्या कोर्टाने फिरविला असता. येथे मात्र चर्चा अत्यंत सुसंस्कृतपणे होते. "मानसशास्त्र छानच विषय आहे," अर्थशास्त्र म्हणते, "पण बँकेच्या परीक्षांना..." "बँकांचं आता काही खरं नाही हो," मानसशास्त्र म्हणते. कोपऱ्यातला इतिहास, ज्याला कोणीच विचारलेले नसते, एक सुस्कारा सोडतो. मुलगी सर्वांचे आभार मानून बाहेर पडते आणि जिन्यात मैत्रिणीला विचारते, "तू काय घेतलंस?" मैत्रिणीने जे घेतलेले असते ते ती घेते.

त्या जिन्यातच कधीकधी तासिका तत्त्वावरील प्राध्यापक भेटतो. हा आपल्या उच्च शिक्षणाचा सर्वांत हलका घटक होय. हलका अशासाठी, की त्याला खुर्ची नाही, कपाट नाही, टेबलाचा खण नाही. एका महाविद्यालयातले दोन तास आटोपून दुसऱ्या महाविद्यालयातला तिसरा तास गाठावयाचा असल्याने तो नेहमी जिन्यात, वाहनतळावर किंवा हेल्मेट घालण्याच्या बेतात सापडतो. आड बसण्यासारखे काहीच नसल्यामुळे त्याला सरळ बोलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि सल्ल्याच्या बाबतीत, माझ्या मते, या संस्थांतून मिळणारा अव्वल दर्जाचा माल याच्याकडेच असतो. "सर, एम.ए. करू का?" असे त्याला कोणी विचारले तर तो पायाने गाडीचा स्टँड काढता काढता क्षणभर थांबतो. त्याने एम.ए. केलेले असते, नेट-सेट केलेले असते, पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेला असतो, आणि मानधनाचे बिल मार्चपासून थकलेले असते. "वाचायला आवडतं ना? मग कर," तो म्हणतो, आणि गाडीला किक मारल्यावर, आवाजात बुडेल अशा बेताने, "पण बी.एड.चं पण बघून ठेव" असे जोडतो.

प्राचार्यांच्या दालनाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तेथे गालिचा असतो, ढाली असतात, संस्थापकांचे तैलचित्र असते, आणि दूरध्वनी असतो. विद्यार्थ्याचे एक वाक्य आणि दूरध्वनीवरचे एक संभाषण या क्रमाने मुलाखत पुढे सरकत असल्याने, शेवटी "मेहनत कर, बाळ" हे शब्द कोणाला उद्देशून होते याविषयी संशय राहतो. बहुतेक ते विद्यार्थ्यालाच असावेत, कारण पलीकडे बहुधा संस्थेचे अध्यक्ष असतात.

मग रीतसर, मुद्दाम, याच कार्यासाठी उघडलेली अशी एखादी जागा महाविद्यालयात नाही काय? आहे. तिचे नाव 'समुपदेशन कक्ष'. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जिला सर्वजण नॅक म्हणतात, ती १९९४ साली बंगळूरला स्थापन झाली, आणि पुढे प्रत्येक महाविद्यालयाला ठरावीक मुदतीने आपण महाविद्यालय आहोत हे तिच्यासमोर सिद्ध करावे लागते. या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे प्रमाण विचारले जाते, आणि प्रश्न प्रमाणाचा असल्यामुळे उत्तरही प्रमाणातच तयार करण्यात येते. पटावरील विद्यार्थ्यांस शिक्षकांच्या संख्येने भागले की मार्गदर्शन पुरे होते. बाकी उरल्यास ती ग्रंथपालांकडे देतात. कक्षाला नवा रंग लागतो, दोन कोच, एक तिपाई, कापडी फुले आणि 'मनमोकळे बोला' अशी पाटी येते. परिषदेचे सदस्य येऊन, पाहून, भोजन करून गेले की खोलीला कुलूप लागते आणि किल्ली क्रीडाशिक्षकांकडे जाते, कारण मध्यंतरी कॅरमबोर्ड ठेवावयास जागा पुरेना. त्यानंतर एखाद्या मुलाला खरोखरच मनमोकळे बोलावयाचे झाले तर त्याला आधी किल्ली मागावी लागते, किल्ली मागताना ती कशासाठी हे सांगावे लागते, आणि मैदानात, व्हॉलीबॉलच्या जाळ्याखाली उभे राहून ते सांगितले, की मन बरेचसे मोकळे झालेलेच असते.

या मार्गदर्शक-शिक्षक योजनेची नोंदवही मात्र प्रत्येकाने एकदा पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान, आणि पानावर उभे रकाने: दिनांक, समस्या, केलेली उपाययोजना, विद्यार्थ्याची सही. वर्षअखेर जवळ आली की तीस-तीस मुलांना बोलावून या सह्या एका बैठकीत घेतल्या जातात. समस्येच्या रकान्यात 'नाही' असे आणि उपाययोजनेच्या रकान्यात 'मार्गदर्शन केले' असे लिहिलेले आढळते. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. ज्या पिढीविषयी वर्तमानपत्रे इतकी चिंता वाहतात ती पिढी कागदोपत्री किती निश्चिंत आहे, हे पाहून मन भरून येते.

अशात २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि सल्ल्याची गरज एकाएकी दसपट झाली. पूर्वीचा विद्यार्थी तीन विषय घेऊन आत जाई आणि एक विशेष विषय घेऊन बाहेर येई. मध्ये त्याला कोणी काही विचारीत नसे. आताच्या विद्यार्थ्याला मेजर, मायनर, खुले ऐच्छिक, व्यवसाय-कौशल्य, कौशल्यवृद्धी, क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली अशा परड्यांतून वेचून सत्राला वीस ते बावीस श्रेयांक जमवावे लागतात, आणि असे १२० ते १३२ झाले म्हणजे तीन वर्षांची पदवी व १६० ते १७६ झाले म्हणजे चार वर्षांची. धोरणाच्या लेखी तो भौतिकशास्त्राबरोबर संगीत शिकू शकतो. त्यासाठी त्याने फक्त अशा महाविद्यालयात असावयास हवे, जेथे संगीताचा शिक्षक आहे, त्या शिक्षकाला खोली आहे, आणि ती खोली फक्त भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वेळीच रिकामी असते असे नाही. निवडीचे स्वातंत्र्य पूर्ण आहे. ते वेळापत्रकात बसले पाहिजे, आणि वेळापत्रक सातव्या क्रमांकाच्या खोलीत बसले पाहिजे, एवढीच अट. जे शिक्षक ही निवड समजावून देण्यासाठी नेमले जातात त्यांनी परिपत्रक आदल्या रात्री वाचलेले असते, आणि त्यानंतर त्याचे शुद्धिपत्रक निघालेले असते.

जमलेले श्रेयांक ठेवण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीही उघडली आहे, आणि विद्यार्थ्याला 'अपार' नावाचा बारा अंकी क्रमांक मिळतो. हे सर्व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होते. म्हणजे खिडकी नाहीशी झाली असे कोणाला वाटेल. वस्तुतः ती मुलाच्या खिशात आली आहे. काच तीच, वाकणे तेच, मान मात्र आता कमरेऐवजी वाकते. पूर्वी जेवणाची सुट्टी असे, आता सर्व्हर बंद असतो. आणि जुन्या कारकुनाला निदान बसथांब्यावर गाठता येत असे, सर्व्हर संध्याकाळी कोणत्या बसने जातो ते कोणाला ठाऊक नाही.

या सर्व उलथापालथीत विद्यार्थ्यांना वाटेला लावण्याचे कार्य ज्यांच्यामुळे अखंड चालू राहिले अशी दोन पीठे उरतात. पहिले पीठ म्हणजे कार्यालयाच्या दाराशी स्टुलावर बसलेले शिपाईमामा. स्टुलाला पाठ नाही, हात नाहीत आणि समोर टेबल नाही. ते रस्त्याच्या कडेलाच असल्याप्रमाणे कोणीही त्यांच्याशी थांबून बोलावे. "आज नको जाऊ आत, बाळा, साहेबांचं ऑडिट चाललंय. मंगळवारी ये, साडेअकराला, चहा झाल्यावर," हा सल्ला नियमपुस्तिकेच्या कोणत्याही कलमापेक्षा अधिक प्रकरणे निकालात काढतो.

दुसरे पीठ फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान. तेथे फळी आहे, पण ती दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्यांसाठी आहे. कोणत्या अर्जाला कोणता दाखला, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून किती दिवसांत, महाडीबीटी हे शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ कोणत्या वेळी चालते, कोणत्या विषयाला मुले पास होतात आणि कोणत्या विषयाच्या नोट्स जास्त खपतात, याचे अद्ययावत ज्ञान दुकानदाराला असते, कारण सर्व महाविद्यालयाचे कागद त्याच्या यंत्रातून जातात आणि तो ते जाता जाता वाचतो. फी पानाला दोन रुपये, सल्ला त्यातच.

जुलैच्या एका भर पावसातल्या दुपारी त्या फळीशी एक प्राध्यापक छत्री मिटून उभे होते. पदोन्नतीच्या अर्जाच्या सर्व पानांच्या तीन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. दुकानदाराने पाने यंत्रावर लावता लावता एक बाजूला काढले.

"सर, हा रकाना रिकामा ठेवलात."

"कुठला? हां, तो... तिथं नेमकं काय लिहायचं असतं हो?"

"विद्यार्थी समुपदेशन लिहा. सगळे तेच लिहितात. आणि नोंदवहीच्या पानांची झेरॉक्स मागं जोडा, नाहीतर परत येतो अर्ज," दुकानदार म्हणाला, आणि खिशातले पेन काढून त्याने ते प्राध्यापकांच्या हाती दिले.